वाघाआधी खाडी: ठाणे-नवी मुंबईकरांनी जंगल बघायला कसं शिकावं

दर वर्षी मार्चच्या आसपास सोसायटीतलं कुणी ना कुणी लिफ्टमध्ये विचारतं, "ताडोब्याचं बुकिंग कसं करायचं हो?" मी सांगते, "करू की. पण आधी इथल्या ऐरोलीच्या बोटीतून एक चक्कर मारून या." समोरच्याला वाटतं मी टाळतेय. टाळत नसते. पहिल्या खेपेला आम्ही स्वतः थेट ताडोब्याला गेलो होतो आणि चार सफाऱ्यांचे पैसे भरून जवळजवळ आंधळे परत आलो.

त्या खेपेची एक सकाळ अजून बोचते. वळणावर पाच-सहा तांबूस कुत्री रस्ता ओलांडत होती. माझा नवरा म्हणाला, "गावातली कुत्री इतकी आत कशी येतात? चला पुढे, वाघ बघू." ड्रायव्हरने गाडी काढली. मागच्या जिप्सीतली माणसं तिथेच थांबली आणि संध्याकाळी त्यांनी सांगितलं, की त्या कोळसुनांनी तळ्याकाठी चितळाची शिकार केली, सगळी त्यांच्या डोळ्यांसमोर. कोळसून, म्हणजे रानकुत्रा. काळी झुपकेदार शेपटी, तांब्यासारखा रंग. गावकुत्र्याची शेपटी बहुतेक वेळा वर वळलेली असते, याची खाली लोंबते. हे मला आता माहीत आहे.

म्हणून खालची सगळी वाट घराजवळून सुरू होते. ती चालायला साधारण एक हिवाळा आणि एक पावसाळा लागतो. खर्च म्हणाल तर लोकल, रिक्षा आणि एकदा बोटीचं तिकीट.

खाडीवर घड्याळ शिकायचं

ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. सुमारे १७ चौरस किलोमीटरचं. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. हिवाळ्यात ते येऊ लागतात आणि मे संपेपर्यंत राहतात. जानेवारी ते एप्रिल हा सगळ्यात भरवशाचा काळ. ऐरोली-मुलुंड पुलाजवळ किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून वनविभागाच्या व्यवस्थेतल्या बोटी सुटतात.

इथे शिकायची गोष्ट एकच: प्राणी आपल्या सुट्टीच्या वेळेप्रमाणे चालत नाहीत. खाडीत घड्याळ भरती-ओहोटीचं. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि रोहित त्यावर पसरून चोच उलटी घालून शेवाळ गाळत बसतात. भरती चढली की चिखल बुडतो, मग ते उठून नेरूळच्या एनआरआय संकुलाजवळच्या आणि टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळींवर जातात. म्हणजे नेरूळला पायी बघायचे तर भरतीला जायचं. आम्ही एकदा ऐन ओहोटीला गेलो. लांब तंगड्यांचा एक शेकाट्या पक्षी आणि क्रिकेट खेळणारी पोरं, बस्स.

भरतीची वेळ काढायला माझ्या सासूबाईंनी शिकवलेला हिशोब आहे. त्या अलिबागकडच्या. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशोब, आणि साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती. ओहोटी त्यापुढे सहा तासांनी. खाडीच्या आत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तेवढी सवलत धरायची. कालनिर्णय भिंतीवर असतंच. दशमी-एकादशीचा रविवार सापडला तर सकाळी साडेसात-आठची भरती मिळते, कोवळ्या उन्हात, आणि नेरूळला जायला तोच दिवस. बोटीचं मात्र उलट: तिला तरंगायला पाणी हवं आणि रोहितांना चिखल, म्हणून बोटीच्या वेळा रोज बदलतात. त्या केंद्रच ठरवतं. आपण ती वेळ घ्यायची आणि दिवस तिच्याभोवती बेतायचा.

बोटीत दुर्बीण लागते. पहिली दुर्बीण ८×४२ घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये, तेवढा उजेड आत येतो. दुकानदार १०×, १२× च्या गोष्टी सांगेल. हलत्या बोटीत आणि पुढे जिप्सीत जास्त पटीची दुर्बीण हाताच्या थरथरीने नुसती नाचते. घरात गॅलरीत बसून दहा मिनिटं सराव करा: आधी नुसत्या डोळ्यांनी वस्तू पकडायची, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. माझ्या मुलीला हे दुसऱ्या दिवशी जमलं. मला आठवडा लागला.

खाडीत दोन प्रकारचे रोहित असतात. लहान, गडद गुलाबी, चोच काळपट लाल, तो छोटा रोहित. उंच, जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं, तो मोठा रोहित. थव्याकडे बघून "वा, किती सुंदर" म्हणण्याऐवजी हजारांतून दोन मोठे शोधायचा खेळ खेळा. गर्दीतून वेगळा प्राणी टिपायची सवय पुढे कामाला येते. तिवरांच्या कडेला कधी कोल्हाही दिसतो, हो, नवी मुंबईतच. पामबीच रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

कर्नाळ्यात कान

पनवेलच्या पुढे गोवा महामार्गावर कर्नाळा, राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य, १९६८ सालचं. जेमतेम १२ चौरस किलोमीटर, पण झाडी दाट. लोक अंगठ्यासारख्या सुळक्याचा तो किल्ला चढायला जातात. तुम्ही पहिल्या खेपेला किल्ला विसरा. गेट उघडताना पोचा, शंभर पावलं चाला आणि एका जागी वीस मिनिटं बसा. खरंच वीस, घड्याळ लावून. पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही, महामार्गावरचे ट्रकच ऐकू येतात. मग भृंगराज हा नकलाकार पक्षी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलायला लागतो, तांबट आपली टुकटुक सुरू करतो, डोक्यावर हळद्या. जंगल माणसाला विसरायला तेवढा वेळ घेतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी इथे तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा, निळा-जांभळा-केशरी, रायगड जिल्ह्याचा मानाचा पक्षी. त्याच्या घरट्याभोवती कॅमेऱ्यांची जी गर्दी होते ती बघवत नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणारे भेटतील. विणीच्या काळात हे करू नका आणि कुणी करत असेल तर तोंडावर सांगा. पक्षी खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावत राहतो आणि पिलांची भरवण चुकते.

येऊर: नियमांची शाळा

ठाणेकरांना येऊर म्हणजे ढाबे, बंगले आणि शनिवारची पार्टी. त्याच डोंगरापासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. महानगराच्या मधोमध, आणि बिबट्यांची घनता जगात मोजक्या ठिकाणी असावी इतकी. एक घोळ इथेच मिटवते: बोरिवलीच्या गेटमधून जी वाघ-सिंहाची सफारी होते, ते प्राणी कुंपणात पाळलेले आहेत. मुलांना दाखवायला ठीक. जंगली प्राणी बघितल्याच्या यादीत ते धरू नका. उद्यान सोमवारी बंद असतं.

येऊरच्या बाजूने आत जायचं तर दिवसा, परवानगी असलेल्या पायवाटेवर, शक्यतो वनविभागाच्या किंवा माहीतगार गटाच्या निसर्गफेरीबरोबर. मनाला येईल तिथून कुंपण ओलांडून घुसणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. "आम्ही लहानपणी जायचो" हा जामीन नाही. मानपाड्याचं निसर्ग परिचय केंद्रही चांगलं, विशेषतः लहान मुलं बरोबर असली तर. पाऊस संपता संपता घोडबंदर रस्त्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघून या. राज्य फुलपाखरू नीलवंत तिथे दिसायला फार वाट बघावी लागत नाही.

येऊरच्या पाड्यांवर वारली वस्ती पिढ्यानपिढ्या बिबट्यासोबत राहते. त्यांचा देव वाघोबा. दगडावर कोरलेला किंवा लाकडात, शेंदूर लावलेला, कुठे सोबत चंद्र-सूर्य. वाटेत दिसला तर चपला काढून पुढे जा, फोटो विचारून काढा. त्या पाड्यांवरून मी शिकलेले नियम साधे आहेत. उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर एकट्याने हिंडायचं नाही. मूल मागे राहू द्यायचं नाही, मोठ्यांच्या मधोमध ठेवायचं. वाटेत वाकून किंवा उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटू शकतो. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, उभं राहून मोठं दिसायचं आणि सावकाश मागे सरायचं. मुळात तो दिसेल या आशेने जाऊच नका. मी एवढ्या वर्षांत ताज्या ठशांपलीकडे गेलेले नाही.

मातीतले ठसे बघायची सुरुवात मात्र इथूनच करा. मांजरवर्गाच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. पावसानंतरच्या दुसऱ्या दिवशी ओल्या वाटेवर तासभर खाली बघत चाला. कुत्रा, मुंगूस, रानमांजर, कधी बिबट्या.

आता ताडोबा

महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा, बोर. आपल्याला अंतराने सह्याद्री जवळचा, पण वाघ बघायला पहिली खेप ताडोब्याचीच करा. मेळघाट सर्वांत जुना व्याघ्र प्रकल्प आहे आणि जंगल म्हणून मला तो जास्त आवडतो. पण तिथला वाघ डोंगरात दडलेला, नवख्याचा धीर सुटतो. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५ पासून अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. जमीन सपाट, रस्ते बरेच, तळी आणि पाणवठे भरपूर.

सगळ्यात आधी गेट ठरवा, हॉटेल नंतर. ही ओळ वहीत लिहून ठेवा. ताडोब्याला एक प्रवेशद्वार नाही. मोहर्ली आणि खुटवंडा चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूला, म्हणजे नागपूरहून सोयीची, शिवाय झरी आणि पांगडी. ज्या गेटचं तिकीट त्याच गेटमधून आत. आमच्या पहिल्या खेपेला एका एजंटाने खोली मोहर्लीला आणि सकाळची सफारी कोलाऱ्याची घेतली. वर "सायटिंग गॅरंटी" सांगितलेली. जंगलातून आरपार जाता येत नाही, बाहेरून लांबचा वळसा. पहाटे तीनला उठून निघालो, कुडकुडत पोचलो आणि अर्धी सफारी मुलगी झोपलेली. तेव्हापासून एजंट बंद. वाघाची हमी देणारा माणूस पहिल्याच वाक्यात खोटं बोललेला असतो.

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं असतात आणि तिथे त्याच जागेचे जास्त पैसे जातात. एका जिप्सीत सहा पर्यटक, एक गाईड, एक ड्रायव्हर. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवसांचा दर जास्त असतो, म्हणून बुधवार-गुरुवारची रजा टाकली तर पैसेही वाचतात आणि गर्दीही. मंगळवारी उद्यान बंद. सहा माणसं नसतील तर ओळखीच्या दुसऱ्या कुटुंबाला जोडून घ्या, पण जोडताना त्यांना एक प्रश्न विचारा: "पाखरू दिसलं तर थांबाल का?" उत्तरावरून पुढचे दोन दिवस कसे जातील ते कळतं.

बुकिंग करताना ओळखपत्राचा जो नंबर भराल तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं. आधार भरून पॅन दाखवू नका. झेरॉक्सवरही भिस्त ठेवू नका. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच भरा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी हे दोनदा तपासावं. मी तपासलं नव्हतं.

किती सफाऱ्या? चार. दोन सकाळच्या, दोन दुपारच्या. दोनच केल्या तर नशिबावर भार पडतो, सहा केल्या तर धुळीने आणि कंबरेने हात टेकतात. चारपैकी एक मुद्दाम बफरची घ्या. गाभा क्षेत्राभोवतीच्या जंगलाला बफर म्हणतात. तिथे गावं आहेत, शेतं आहेत, वाघही आहेत. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा ही बफरची गेटं. जिप्सी कमी, दर बहुधा कमी, आणि वाघ नकाशातली रेघ बघून थांबत नाहीत.

कधी जायचं

गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंगल हिरवंगार, गवत पुरुषभर, वाघ दहा फुटांवर असला तरी दिसणार नाही. पण उजेड सुंदर. डिसेंबर-जानेवारीत पक्षी खूप आणि पहाटे उघड्या जिप्सीत हाडं गोठवणारी थंडी. मुंबईकरांचे स्वेटर तिथे पुरत नाहीत, जॅकेट, कानटोपी, हातमोजे न्या आणि हॉटेलवाल्याकडून ब्लँकेट मागून घ्या. फेब्रुवारीच्या शेवटी पानगळ सुरू होते, पळस पेटतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो. बाकीची तळी आटलेली, प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर. वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त.

माझं मत विचाराल तर मार्चचा दुसरा पंधरवडा. मोहाची फुलं गळू लागलेली असतात, आणि मोहाच्या झाडाखाली पहाटे अस्वल सापडण्याची तीच वेळ. ऊन सोसवतं. शाळांच्या परीक्षा चालू असल्याने गर्दी त्यामानाने कमी, हे एक आतलं गणित. लहान मुलं असतील तर सात वर्षांखालच्यांना नेऊ नका, चार तास गप्प बसणं त्यांच्यावर अन्याय आहे.

कसं जायचं

विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी ठाण्याला, मग कल्याणला थांबते आणि सकाळी नागपूरला उतरवते. तिथून टॅक्सीने कोलारा किंवा मोहर्ली. ठरवलेली टॅक्सी असेल तर दुपारची सफारी त्याच दिवशी गाठता येते, पण गाडी लेट झाली तर पैसे गेले. पहिली सफारी दुसऱ्या दिवशी सकाळीच ठेवा.

आता समृद्धी महामार्गही आहे. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. ठाण्याहून आमणे जवळच, म्हणून गाडी काढायचा मोह होतो. रस्ता सरळ, एकसुरी, डोळा लागतो. टायर जुने असतील तर उन्हाळ्यात त्या सिमेंटवर जाऊच नका. दोन ड्रायव्हर असतील आणि दर दोन तासांनी थांबणार असाल तरच गाडीने जा. माझी पसंती अजूनही रेल्वेची. वर्धा येईपर्यंत झोप पूर्ण होते आणि खिडकीतून कापसाची शेतं दिसायला लागतात.

काय न्यायचं, काय नाही

कपडे मातकट: खाकी, हिरवट, तपकिरी. पांढरा आणि भडक लाल-पिवळा घरी ठेवा. कपडे एकावर एक, कारण पहाटे सहाला गारठा आणि दहाला घाम. तोंडाला सुती ओढणी, विदर्भातला दुपट्टा तर उत्तम, नागपूर स्टेशनबाहेर मिळतो. धूळ इतकी की केस धुतल्यावर पाणी लाल निघतं. अत्तर, बॉडी स्प्रे नको. कडकड वाजणारी चिप्सची पाकिटं नको. पाणी स्टीलच्या बाटलीत.

ताडोब्याच्या गाभ्यात मोबाईल वापरायला बंदी आहे. मला हा नियम फार आवडतो. कॅमेरा नेता येतो. जिप्सीत तिपाईला जागा नसते, त्यासाठी एक घरगुती सोय सांगते. जुन्या जीन्सच्या पायाचा हातभर तुकडा कापा, एक तोंड शिवून टाका, दुसऱ्याला चेन लावा. पिशवी रिकामी न्या आणि तिथल्या किराणा दुकानातून तीन किलो तांदूळ घेऊन भरा. जिप्सीच्या दांडीवर ठेवली की लेन्स तिच्यात रुतते, हलत नाही.

सफारीत मधे कुठेही उतरता येत नाही. ठरलेल्या एखाद्या ठिकाणीच पाय मोकळे करायची आणि प्रसाधनगृहाची सोय असते. पहाटेचा चहा अर्धा कपच घ्या. मधुमेहाच्या किंवा गुडघ्याच्या त्रासाच्या मंडळींनी हे आधी ड्रायव्हरच्या कानावर घालावं, तो त्याप्रमाणे वेळ साधतो. कंबरदुखी असेल तर मागची उंच सीट टाळा. दिसतं तिथून छान, पण खड्डा थेट मणक्यात जातो.

जिप्सीत बसल्यावर

पहिलं काम, गाईडशी बोला. गाईड आणि ड्रायव्हर आसपासच्या गावांतले असतात, आता बायकाही गाईड आहेत. गाडी निघायच्या आधीच सांगा, "भाऊ, आम्हाला घाई नाही. वाघ नाही दिसला तरी तक्रार नाही. आवाज आला की थांबवा." हे वाक्य म्हटलं की त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं. नाहीतर तो वायरलेस नसलेल्या टॅक्सीसारखा या पाणवठ्यावरून त्या पाणवठ्यावर पळत राहतो, कारण टीप वाघावर ठरते हे त्याला पर्यटकांनीच शिकवलंय. टीप वाघावर ठरवू नका.

आता आवाज. जंगलातला वाघ आधी ऐकू येतो, तोही दुसऱ्यांच्या तोंडून. वानर उंच फांदीवर टेहळणीला असतं. धोका दिसला की खोकल्यासारखं खरखरीत "खॉक, खॉक" करतं. त्याच झाडाखाली चितळं असतात, वानरांनी पाडलेला पाला खायला. त्यांची हाक बारीक, तीक्ष्ण, शिट्टीजवळ जाणारी. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, इंग्रजीत नावही तसंच, बार्किंग डिअर. आणि सांबर, ते जुन्या मोटारीच्या भोंग्यासारखं एकदाच "ढाँक" करतं.

चितळ घाबरट. बिबट्याला ओरडेल, कोळसुनाला ओरडेल, कधी कशालाच नाही. म्हणून एका हाकेवर गाडी पळवायची नाही. इंजिन बंद, बोलणं बंद, दुसऱ्या हाकेची वाट बघायची. एकाच दिशेने पुन्हापुन्हा आली आणि हळूहळू सरकत गेली, तर ज्याला बघून ओरडतायत तो चालतोय. हाक थांबली तर एकतर तो बसला किंवा निघून गेला. सांबराचं वेगळं. दुसऱ्या खेपेला आमच्या गाईडने, चंद्रपूरकडच्या एका तरुण पोराने, सांबराची हाक ऐकून गाडी वळवली. मी म्हटलं, "एकच तर आवाज होता." तो म्हणाला, "सांबर खोटं नाही बोलत जी." बांबूच्या बेटाशी दहा मिनिटं थांबलो. मग रस्त्याच्या कडेला वाघीण येऊन उभी राहिली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि पाणी प्यायला निघून गेली.

आवाजाच्या दिशेला बघून काही दिसत नाही, तेव्हा ओरडणाऱ्या जनावराचं तोंड बघा. कळपातली सगळी चितळं मान ताठ करून एकाच बाजूला बघतायत, पुढचा एक पाय आपटतायत, शेपटी वर. त्यांची नजर जिथे पोचते तिथे दुर्बीण लावा. खाडीत दोन मोठे रोहित शोधण्याचा खेळ आठवतो का? तोच.

रस्त्यावरची धूळ वाचा. वाघाचा ठसा चाकाच्या खुणेवर उमटला असेल तर तो आधीच्या गाडीनंतर गेला, चाकाखाली पुसला असेल तर आधी. साधारण नराचा ठसा चौकोनी भासतो, मादीचा लांबट. ऐनाचं झाड ओळखायला शिका, साल मगरीच्या पाठीसारखी खवल्यांची. गाईड रस्ता सांगताना झाडांवरून सांगतात: "ऐनाच्या उजवीकडे, तेंदूच्या मागे." सगळ्यांना एकच "झाड" दिसत असेल तर ती वाक्यं वाया जातात.

वाघ दिसला की पाच-सात जिप्स्या जमतात. कुणीतरी उभं राहतं, कुणीतरी "इकडे बघ रे" म्हणून ओरडतं. तुम्ही बसूनच राहा. वाट अडवू नका, ड्रायव्हरला पुढे काढ म्हणू नका. वाघ रस्त्याने चालत असेल तर गाडी मागे घेऊन त्याला रस्ता सोडायचा, हे ड्रायव्हरला माहीत असतं, फक्त मागून कुणी घाई करू नये. फोटो तीन काढा आणि कॅमेरा खाली ठेवा.

आणि वाघ नसला की बाकीचं जंगल असतंच. ताडोबा तळ्यात मगरी आहेत. त्याच काठावर तारूचं ठाणं आहे, वाघाशी झुंजून गेला अशी स्थानिक आदिवासींची श्रद्धा असलेला तारू, त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव पडल्याचं सांगतात. रानगवा बघायचा असेल तर दुपारच्या सफारीत बांबूच्या कडेने बघत चला. चौसिंगा दिसला तर गाईडला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करा, नवखे त्याला भेकर समजतात.

ताडोब्यानंतर

हात साफ झाला की जवळचीच ठिकाणं वेगळी दिसायला लागतात. फणसाड, मुरूडजवळ, पूर्वीचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. भीमाशंकर, राज्यप्राणी शेकरूसाठी, पण श्रावणातल्या सोमवारी चुकूनही नको. तानसा तर आपल्याच जिल्ह्यात, शहापूरला. २०१४ मध्ये तिथे रानपिंगळा आढळला. हा छोटा घुबड शंभरेक वर्षं कुणाला दिसला नव्हता, लुप्त झाला असं धरलं होतं, आणि १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला. तानशाला जायचं तर आधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करून, पहाटे.

प्रत्येक फेरीनंतर एक छोटी वही ठेवा: तारीख, तिथी, वेळ, हवा, काय ऐकलं, काय दिसलं. "काहीच नाही" हेही लिहा. आमच्या वहीत ऐरोलीची अकरा पानं आहेत, ताडोब्याची सहा.

आणि त्या पिशवीतले तीन किलो तांदूळ ठाण्यापर्यंत ओढून आणू नका. शेवटच्या सफारीनंतर आम्ही ते निवडून स्वयंपाक करणाऱ्या मावशींना दिले. त्यांनी चाळणीवर धरून बघितले, धूळ उडवली आणि म्हणाल्या, "भात नाही होणार जी याचा, कोंबड्यांना होईल." जीन्सचा पाय तेवढा घडी करून परत आणला.